दुपारी एकला, कुठेही असाल तरी

दुबईला तुम्ही नुसतं विमान बदलायला उतरणार असलात, तरी सबनीसकाकांना सांगू नका. लंडनजवळच्या स्लाऊ गावात ते आमच्या समोरच राहतात. स्वतः कधी दुबईला गेलेले नाहीत. पण कुणी निघालं की तिथल्या प्रेक्षणीय स्थळांची यादी वळणदार अक्षरात लिहून त्याच्या पासपोर्टात घालतात.

"ऊन बघ तिथलं. इथे काय आहे बघायला? वेअरहाऊस, आणि त्याच्यामागे वेअरहाऊस!"

यादी मिनिटाबरहुकूम. सकाळी सातला वाळूच्या टेकड्या, दहाला खाडीतली लाकडी होडी, अकराला सोन्याचा बाजार, 'नुसते बघणे'. आणि दुपारी एकला, कुठेही असाल तरी, एका गल्लीतलं पोळीभाजी केंद्र. त्याला माफी नाही. शेजारच्या पाटलांनी ते चुकवलं, तर पुढे महिनाभर काका त्यांच्याशी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवण्यापुरतंच बोलत होते. परत आलेल्याला उंच इमारतींबद्दल ते अवाक्षर विचारत नाहीत. पोळीला पदर सुटले होते का, वाढणारी बाई बारीक झालीय का, एवढंच. मी त्यांना मनातल्या मनात खादाड म्हणायचे.

गेल्या मार्चमध्ये दुबईला जायची पाळी माझ्यावर आली. वाळूत भाजून निघून मी बरोबर एकला तिथे पोचले. ताट वाढता वाढता बाईंचं लक्ष माझ्या हातातल्या कागदावरच्या अक्षराकडे गेलं.

"स्लाऊहून ना? बाबा थंडीत कानटोपी घालतात का हो?"

म्हणजे ही काकांची लेक! लंडनच्या बँकेतली नोकरी सोडून ती पोळ्या लाटायला दुबईला निघाली, तेव्हा काकांनी तिला पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून बजावलं होतं. हे तिनेच सांगितलं. सहा वर्षं बोलणं नाही. सहा वर्षं काका आमच्याच डोळ्यांनी लेकीला बघत होते, आणि मी त्यांना खादाड ठरवून मोकळी झाले होते. मला फार लाज वाटली.

मी निघताना ती म्हणाली, "त्यांना सांगा, स्लाऊत काय बघायचं त्याची एक यादी पाठवा. मला यायचंय."

मी निरोप सांगितला. काका आत गेले. पाचव्या दिवशी कागद घेऊन आले आणि याचा फोटो काढून तिला पाठव म्हणाले. पार्क, लायब्ररी, नवं बस स्टेशन, सगळं लिहून खोडलेलं होतं. खाली त्याच वळणदार अक्षरात एकच ओळ होती.

'दुपारी एक वाजता, घरी. जेवायला थांबतो.'