तुकाबाच्या गाडीतला तिसरा अंक

आमच्या आठल्ये मास्तरांना कुणी घरी बोलावलं, की ते आधी ओसरी पावलांनी मोजत आणि मग "नमस्कार" म्हणत. माझ्या लग्नात तर हा गृहस्थ अक्षता टाकायच्या ऐवजी बोहल्याभोवती पावलं टाकत होता. "राजवाडा बसतो हो. जंगल नाही बसणार," असा आशीर्वाद मला मिळाला.

चाकणजवळच्या आमच्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो, ते भूगोल. स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण शाळेला रंगमंच म्हणाल तर वीतभर नाही! तरी मास्तर दर वर्षी स्वतः लिहिलेलं तीन अंकी नाटक बसवत. आणि सहा वर्षांत एकाही नाटकाचा तिसरा अंक कुणी पाहिला नव्हता. देवळात केलं, तर दुसऱ्या अंकानंतर कीर्तनकारबुवा वीणा घेऊन हजर. टेबलं जोडून केलं, तर टेबलं फाकली आणि प्रधानजी मधून खाली.

"यंदा शेवट दाखवणार म्हणजे दाखवणार," मास्तर म्हणाले. "नाहीतर पुन्हा नाटकाचं नाव काढणार नाही."

यंदा गावातल्या तुकाबा शेतकऱ्याच्या तीन बैलगाड्या शेजारी शेजारी लावून रंगमंच केला. वार शुक्रवार, कारण शुक्रवारी गाड्या शेतावरून गावात आलेल्या असतात. का येतात, हे या विद्वानाने विचारलं नाही. अहो, शनिवारी चाकणचा बाजार! शुक्रवारी दिवस मावळायच्या आत कांदा भरायचा असतो.

तिसरा अंक सुरू झाला. कैदेतली राणी, म्हणजे नववीतला गणपत, मधल्या गाडीला गुरांच्या साखळीने बांधलेली. "खरं दिसायला हवं" हा मास्तरांचा हट्ट. आता तिचा भाऊ येऊन तिला सोडवणार, तेवढ्यात तुकाबा बैल घेऊन आला.

"मास्तर, आवरा. कांदा भरायचा हाय."

"तुकाबा, दहा मिनिटं!"

"दिवस मावळला, राव. चालू द्या की तुमचं. मी कुठं न्हाई म्हन्तो?" असं म्हणत त्याने बैल जुंपले.

गाडी निघाली, राणीसकट. मी म्हटलं, संपलं. पण मास्तर ओरडले, "थांबायचं नाही! राणीसाहेब, पुढचं वाक्य!"

राणी गचके खात विलाप करू लागली. मास्तर वही घेऊन चाकाशेजारून पळत वाक्यं सांगू लागले. भाऊ तलवार उपसून मागून धावला आणि त्याच्यामागे अख्खं गाव! तुकाबाच्या खळ्यात गाडी थांबली आणि तिथे भावाने बहिणीला सोडवलं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! गणिताचा मास्तर असून मीही एक शिट्टी मारली.

माणसं पांगली. मास्तर मात्र कांद्याच्या ढिगाशेजारी बसून राहिले.

"चला ना मास्तर. झाला की तिसरा अंक!"

"झाला हो. पण घरी जाऊन सांगू कुणाला?" ते हळूच म्हणाले. "आमची ही गेल्यापासून 'कसं झालं नाटक?' म्हणून विचारणारं कुणी नाही."

मीही त्यांच्याशेजारी बसलो.

पलीकडे तुकाबाची म्हातारी आई कांद्याची पात कापत होती. ती म्हणाली, "मास्तर, ती राणी कैदेत पडलीच कशी वो? मी हितंच बसलेली, मला निस्ता शेवटच घावला. जरा पयल्यापासनं सांगा."

मास्तरांनी डोळे पुसले, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि पहिला अंक सुरू केला. म्हातारीने विळा बाजूला ठेवला.