एक स्क्रू उरला

आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिने एकच मागणं मागितलं. तिन्ही मुलांनी एका टेबलाशी बसून तिच्याबरोबर जेवायचं. ऐकायला सोपं होतं. पण थोरला मुलगा, म्हणजे दादा, आणि मधली मुलगी, म्हणजे ताई, चार वर्षं एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते. तेव्हा हे घडवून आणायचं काम धाकट्याच्या गळ्यात पडलं. धाकटा घड्याळजी. बावन्न वर्षांचा, डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं हलवणारा माणूस. दोन मोठी माणसं हलवायची म्हटल्यावर त्याला घाम फुटला.

दादा म्हणाला, तिच्या आवडीच्या जागी मी येणार नाही. ताई म्हणाली, त्याच्या आवडीच्या जागी मी पाय ठेवणार नाही. शेवटी घड्याळजीने दोघांपैकी कुणालाच आवडणार नाही अशी जागा शोधली. सिचुआन नावाच्या चिनी प्रांतातल्या जेवणाचं एक लहानसं हॉटेल. तिथल्या जेवणात एक मिरी घालतात आणि तिने जीभ बधिर होते, अशी माहिती त्याच्या बायकोने काढली. जीभ बधिर होते हे ऐकून घड्याळजीला पहिल्यांदाच जरा आशा वाटली. ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, ऐन वेळी ताप आला आणि दादाच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, पाठ धरली. अशा प्रसंगी त्या दोघांना हे असं होतंच. घड्याळजीला त्यांचा मनापासून हेवा वाटला.

भांडण होतं आईच्या शिलाई मशीनवरून. आईला सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तिने मशीन ताईला देऊन टाकलं. आई दादाकडे राहायची, म्हणून ते होतं दादाच्या घरी. आपण टेम्पोत चढवलं तेव्हा ते लोण्यासारखं चालत होतं, असं दादाचं म्हणणं. आपल्या दारात उतरलं तेव्हा त्याचं चाक जागचं हलत नव्हतं, असं ताईचं म्हणणं. त्याने मला भंगार दिलं, असं ती म्हणाली. हिने आल्या आल्या मोडून ठेवलं, असं तो म्हणाला. झालं, बोलणं बंद. तेव्हापासून दोघांचे सगळे निरोप घड्याळजीच पोचवत होता, वाटेत त्यातले बोचरे शब्द काढून टाकून.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. टेम्पो ठरवला होता घड्याळजीने. त्यानेच तो वाटेत आपल्या दुकानाशी थांबवला आणि मशीन उतरवून घेतलं. त्याला काही झालेलं नव्हतं. नुसतं जरा उघडून तेलपाणी करावं, एवढाच हेतू. चालू घड्याळ उघडायचं नाही, असं त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि गिऱ्हाइकाच्या बाबतीत हा नियम त्याने कधी मोडला नाही. घरच्या वस्तूंना मात्र त्याच्यापासून संरक्षण नव्हतं. मशीन पुन्हा जोडून झालं तेव्हा बाकावर एक स्क्रू उरला होता. तो त्याने डबीत टाकला, मशीन पुढे पाठवून दिलं आणि चार वर्षं तोंडातून ब्र काढला नाही.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं. निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "आज शेवटचा चहा यायच्या आत सांगून टाका. नाहीतर मी सांगेन."

"आईच्या वाढदिवसाला?"

"मग कधी, तिच्या माघारी?"

घड्याळजी रिक्षा बघायला पळाला.

शेजारी बसणार नाही, ही दोघांचीही अट होती. टेबल निघालं गोल. शेजारी नको म्हणताना दोघं बरोबर समोरासमोर आले आणि आई मधे. टेबलावर काचेची एक मोठी फिरती चकती होती. सगळे पदार्थ तिच्यावर मांडायचे, आणि ज्याला जे हवं त्याने चकती फिरवून ते आपल्यापुढे आणायचं. चष्मा केसांवर चढवलेली मालकीणबाई स्वतः वाढायला आली. लालभडक तेलात बुडालेला अख्खा मासा, तिखटातलं टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, नूडल्स आणि मोदकासारखे वाफाळणारे डंपलिंग तिने चकतीवर ठेवले. "चकती जुनी आहे, बेताने फिरवा," असं सांगून ती आत गेली.

ताईने मासा आपल्याकडे फिरवला. ती चमचा उचलेपर्यंत दादाने चकती आपल्याकडे ओढली, समोर कुणी बसलेलंच नाही अशा थाटात. ताईने ती परत फिरवली. दादाने परत ओढली. मासा बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे. आईचा चमचा पोचेपर्यंत दर वेळी पदार्थ तिच्यापुढून निघून जायचा. तीन वेळा तिने रिकामा चमचा मागे घेतला आणि मग ती गुमान वाटीतला कोरडा भात खायला लागली. जिचा वाढदिवस तीच उपाशी.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे, जिथून चहा येणार होता, तिकडे पाहिलं. घड्याळजीने घसा खाकरला. "दादा, ताई, मला जरा..." दोघांनी एकदम मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका दिशेला बघत होते, आणि ती दिशा म्हणजे तो. त्याचा धीर सुटला. "माझा रुमाल खाली पडला," असं म्हणून तो टेबलाखाली शिरला.

खाली शांत होतं. इथेच जन्म काढावा असं त्याला वाटलं. समोर दादाचे बूट होते आणि पाठीमागे ताईच्या चपला, आणि दोघांचेही पाय टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर असे हलत होते. लहानपणी आळीपाळीने आईच्या मशीनचं पायडल मारायला बसायची ही दोघं. इतक्या वर्षांत पायांची सवय गेली नव्हती, आणि दोघांची लय अजून एकच होती. घड्याळजीला रडू यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात डोक्यावर चकती कुर्र कुर्र करत फिरली, आणि त्याची मान आपोआप वर गेली.

चकतीचा दांडा टेबलातून खाली आला होता आणि एका लोखंडी पट्टीत बसवला होता. पट्टीला चार स्क्रू. एक भलताच घट्ट पिळलेला, म्हणूनच ती कुरकुर. पेचकस आणि तेलाची छोटी बाटली त्याच्या खिशात कायम असायची. चकती हलकी झाली की आई निदान एका बोटाने मासा ओढून घेईल, असा त्याने विचार केला. म्हणजे हेतू या वेळीही चांगलाच होता. त्याने चारही स्क्रू काढले, तेल सोडलं, तीन परत बसवले. चौथा काही केल्या बसेना. तीन पुरेत, असं ठरवून त्याने चौथा मुठीत धरला आणि रुमाल झटकत तो वर येऊन बसला.

नेमका तेव्हाच मासा ताईपुढे होता. दादाने सवयीने होता नव्हता तेवढा जोर लावून चकती ओढली.

चकतीने दादापाशी थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. एक फेरी झाली, दोन झाल्या, तिसरीला ती एका अंगाला कलली आणि पदार्थ आपापल्या वाटेने निघाले. नूडल्स दादाच्या पांढऱ्या शर्टावर. टोफू ताईच्या मांडीवर. चार डंपलिंग तिच्या उघड्या पर्समध्ये. मासा बशी सोडून टेबलावरून घसरत आला आणि आईच्या थाळीत जाऊन पडला. आईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चमचा उचलला आणि आज पहिल्यांदा तिला हवं ते खाल्लं.

मालकीणबाई धावत आली. कुणी फिरवलं, असं तिने विचारलं. दादाने न बोलता ताईकडे बोट दाखवलं आणि ताईने न बोलता दादाकडे. बाईने केसांवरचा चष्मा नाकावर घेतला, वाकून टेबलाखाली पाहिलं आणि सावकाश उभी राहिली.

"इथे चार स्क्रू होते. आता तीन आहेत," ती म्हणाली. "टेबलाखाली कोण गेलं होतं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. चूक कबूल करायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नव्हती, आणि घड्याळजीची जीभ मिरीने इतकी बधिर झाली होती की तोंडात ती आहे की नाही हेच त्याला कळेना. त्याने मूठ उघडली. तळहातावर तेलकट स्क्रू होता.

दादाने वाकून तो स्क्रू जवळून पाहिला. मग समोर पाहून, चार वर्षांनी, जड जिभेने ताईला म्हणाला, "मशीन तुझ्याकडे कधी पोचलं होतं?"

"गुरुवारी," ताई म्हणाली. "संध्याकाळी."

"मी मंगळवारी सकाळी चढवलं होतं. अर्ध्या तासाचा रस्ता."

एवढी साधी गोष्ट चार वर्षांत दोघांना जुळवता आली नव्हती, कारण जुळवायला बोलावं लागतं, आणि बोलणं होतं ते सगळं घड्याळजीमार्फत. तो मान खाली घालून बसला. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो धीर द्यायला की पळू नये म्हणून, ते त्याला कळलं नाही.

ताई उठली. ती आता त्याला एक ठेवून देणार, अशी त्याची खात्री होती. पण ती त्याला वळसा घालून गेली आणि दादाशेजारची खुर्ची ओढून बसली. "माझं गजराचं घड्याळ आठवतं? दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीचं?" दादाने मान हलवली. त्याला आपली सायकल आठवत होती. मग आईचा रेडिओ निघाला, मग कुलूप, मग वडिलांची छत्री. दोघं एकमेकांच्या कपड्यांवरचं तेल पुसत घड्याळजीच्या पापांची उजळणी करत राहिली. मालकीणबाईने तो स्क्रू त्याच्या हातातून उचलला, अर्ध्या मिनिटात बसवला आणि दुसरा मासा आणून ठेवला. आता चकती दादाकडून आईकडे आणि आईकडून ताईकडे जात होती. घड्याळजीपुढे ती थांबत नव्हती, आणि हात पुढे करायची त्याची छाती होईना.

आईने आपल्या थाळीतला माशाचा तुकडा गुपचूप त्याच्या वाटीत टाकला. "मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "तुझ्या दुकानातल्या डबीत मी पाहिला होता तो स्क्रू. तीस वर्षं चालवलंय मी ते मशीन."

"मग बोलली का नाहीस?"

"मशीन मोडायच्या आधी तू वर्षाकाठी दोनदा यायचास. नंतर दर रविवारी यायला लागलास. पडलेलं तोंड घेऊन यायचास, पण यायचास." तिने त्या दोघांकडे पाहिलं. ती दोघं चक्क हसत होती. "आता निरोप संपले. आता कशाला येशील?"

"येईन की," तो म्हणाला. "दर रविवारी येईन."

"ये. पण ते खिशातलं घरी ठेवून ये."

त्याने खाली पाहिलं. चहा आला होता. किटलीच्या झाकणाची मूठ किंचित हलत होती, आणि त्याचा एक हात तिच्यावर होता, दुसरा खिशात.