चौगुले काकांचं डोंगरातलं गाव

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या इंडियन ग्रोसरीत तुम्ही कधी शनिवारी आलात आणि एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ कमरेत वाकून, उजवा हात गुडघ्यापर्यंत खाली सोडून, दोन गिऱ्हाइकांच्या मधून हळूच सरकताना दिसले, तर त्यांचं काही पडलंय असं समजून शोधायला लागू नका. ते चौगुले काका आहेत आणि ते फक्त तुमच्या समोरून जातायत. जाता जाता ते "नुवुन सेवू" असं पुटपुटतील. म्हणजे, माफ करा, जरा जातो. इंडोनेशियातल्या जावा बेटावर लोकांच्या समोरून ताठ मानेनं जात नाहीत म्हणे. अमेरिकन माणसं बिचारी गोंधळतात, बूट उचलून खाली बघतात. एका बाईंनी तर स्वतःच्या कानातलं चाचपून पाहिलं होतं.

काका मूळचे कोल्हापूरकडचे, मेकॅनिकल इंजिनिअर. तरुणपणी कंपनीनं त्यांना जावाच्या डोंगरात, एका ज्वालामुखीच्या उतारावरच्या खेड्यात, चहाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला पाठवलं होतं. लग्न नुकतंच झालेलं, म्हणून मालन काकूही बरोबर गेल्या. दोन-अडीच वर्षं राहिले असतील. त्यानंतर अमेरिकेत उभं आयुष्य गेलं, मिनेसोटात घर झालं, इथेच मुलगा झाला, रिटायर झाले. पण काका "आमच्या गावाला" म्हणाले की ते कोल्हापूर नसायचं. ते जावातलं खेडं असायचं.

आमच्या गावाला कोबी असा नसतो. आमच्या गावाला धुकं सकाळी दारात येऊन बसतं. आमच्या गावाला बांबूच्या नळीतून झऱ्याचं पाणी थेट न्हाणीघरात येतं, प्लंबर नावाचा प्राणीच नाही. शेजारी राहत असल्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्यांचा लाडका मुद्दा मात्र एकच, "आमच्या गावाला कुणी मोठ्यानं बोलत नाही." हे सांगताना ते स्वतः इतकं हळू बोलायचे की पुढचं काही ऐकू यायचं नाही. कोल्हापूरचा माणूस आणि आवाज असा, यावर इथल्या मराठी मंडळातल्या कोणाचा विश्वास बसायचा नाही. वार्षिक सभेत त्यांना माइक दिला तरी लोक "काय म्हणाले?" असं एकमेकांना विचारत बसायचे आणि तेवढ्यात ठराव पास व्हायचा.

मग टेम्पे. टेम्पे म्हणजे सोयाबीन भिजवून, उकडून, त्यावर मुद्दाम बुरशी आणून केलेली वडी. जावात ती उबदार हवेत आपोआप होते. इथे बाहेर उणे वीस, म्हणून काका गराजमध्ये पिकनिकच्या जुन्या बर्फपेटीत सोयाबीन ठेवून वर इलेक्ट्रिक ब्लँकेट घालायचे आणि तासातासाला हात लावून बघायचे. मालन काकू म्हणायच्या, "मला ताप आला तर एवढं बघत नाहीत." गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते टेम्पे तळून आणायचे. आमची पोरं ताट मागे घेऊन सांगायची, "काका, it has mold on it." काका खूश व्हायचे. बुरशी दिसली म्हणजे जमलं.

दरवर्षी थँक्सगिव्हिंगला ते जाहीर करायचे, या हिवाळ्यात आम्ही गावाला जाणार. दोनदा तिकिटंही काढली. दोन्ही वेळा काकूंनी कॅन्सल करायला लावली. एकदा गुडघे, एकदा ब्लडप्रेशर. काकू त्या गावाबद्दल स्वतःहून अवाक्षर काढायच्या नाहीत. काकांनी विषय काढला की त्या उठून चहा टाकायला जायच्या. त्यावरून मंडळात एक थट्टा कायमची रुजली होती की काकांचं तिकडे काहीतरी प्रकरण असणार, कोणी जावानीज सुंदरी वगैरे. काका हसून सोडून द्यायचे. काकू हसायच्या नाहीत.

गेल्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला आणि ऑक्टोबरात त्या गेल्या. मुलगा अमोल ओहायोतल्या डब्लिनला असतो. तो येऊन महिनाभर राहिला, बाबांना घेऊन जायला बघत होता, पण काका गेले नाहीत.

त्यानंतर एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. काका गावाचं नाव काढेनासे झाले. संक्रांतीला आमच्याकडे सगळे जमले होते. कोणीतरी त्यांना बोलतं करायला मुद्दाम विचारलं, "काका, तुमच्या गावाला तीळ होतात का?" काका म्हणाले, "काय की." आणि तिळगूळ खात बसले. खोलीत एकदम अवघडल्यासारखं झालं. त्या गावाला आम्ही इतकी वर्षं कंटाळलो होतो, आणि आता ते बंद झाल्यावर कोणालाच बरं वाटेना.

फेब्रुवारीत एका रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते दाखवायला येशील का, म्हणाले. बर्फ तुडवत गेले. ते स्वेटर घालून, केस विंचरून डायनिंग टेबलाशी बसले होते. तिकडे सोमवारची सकाळ होती. फोन लागला आणि डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या एक बाई दिसल्या. ह्या बू सुमी. बू म्हणजे तिकडची काकू. गावात काकांच्या शेजारी राहायच्या, तेव्हा त्याही नवी नवरीच होत्या. दोघं त्यांच्या भाषेत थोडं बोलले आणि फोन बंद झाला. मी परत लावायला गेले तर काका म्हणाले, "थांब. ती वर चढतेय. वर पोचली की तीच लावेल."

आणि थांबलो तेवढ्या वेळात त्यांनी सांगितलं.

त्या गावात त्यांना मुलगी झाली होती. पावसाळ्यात तिला ताप भरला. घाटातला रस्ता खचलेला, गाडी जाईना. गावातले पुरुष आलटून पालटून खांद्यावर डोली घेऊन काकूंना आणि बाळाला चिखलातून खाली तालुक्याच्या दवाखान्यात नेत होते. निम्म्या वाटेवर बाळ गेलं. मग सगळे तसेच मागे फिरले. इतकी माणसं होती, काका म्हणाले, पण घरापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. मशिदीतल्या म्हाताऱ्यांनी आपल्या कबरस्तानाच्या कडेला चाफ्याखाली जागा दिली. तुम्ही कोण, तुमचा देव कोणता, काही विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी शेजारी येऊन नुसते बसायचे.

"मालननं तिथनं निघताना सांगितलं, तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. नाही काढलं मी. अमोलला पण माहीत नव्हतं, आत्ता सांगितलं." काकांनी टेबलावरची पुसलेली काच परत हातानं पुसली. "पण मला राहवायचं नाही. पोरीबद्दल बोलता येत नव्हतं, म्हणून गावाबद्दल बोलायचो. मालनला ते कळायचं. म्हणून उठून जायची."

मग ते म्हणाले की शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिसमध्ये, काकू खिडकीकडे बघत पडल्या होत्या आणि अचानक त्यांनी विचारलं, तिकडे आता पाऊस सुरू झाला असेल का.

"जन्मभर त्या गावाची बडबड केली मी," काका म्हणाले, "आणि तिनं पहिल्यांदा विचारलं तर माझ्या तोंडातनं शब्द फुटेना. नुसता हात धरून बसलो."

फोन वाजला. स्क्रीनवर आधी नुसतं धुकं दिसलं, मग कोबीचे हिरवे टप्पे, मग एक वाकडा चाफा. त्याच्याखाली शेवाळलेला लहानसा दगड आणि भोवती झाडून स्वच्छ केलेली जमीन. बू सुमींनी दगडावर पाणी ओतलं, पाकळ्या वाहिल्या आणि फोन दगडासमोर धरला. पाऊस भुरभुरत होता.

काका पुढे वाकले. त्यांना इतक्या स्पष्ट आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"बाळ, तुझी आई गेली गं."

बू सुमींना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्यांनी फोन हलवला नाही. पावसात तसाच धरून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा परत दिसला आणि त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. काकांनी डोळे पुसत एका शब्दात उत्तर दिलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"विचारतेय, जेवलास का." काका म्हणाले. "जेवलो म्हणून सांगितलं."

गॅसवर काहीच नव्हतं. मी उठून तांदूळ धुवायला घेतले.