पुलावर कुणी थांबू नये

लिफ्टच्या मिस्त्रीला बायकोने फोनवर बजावलं होतं, "पुलाचा रात्रीचा फोटो पाठवा. पण रिकामा हवा हं, एकही माणूस नको."

"रिकाम्या पुलाचं काय करणार?"

"बघत बसणार. म्हणजे त्यावरून आपण दोघं फिरायला मोकळे."

मिस्त्रीला उगाचच खोकला आला. गावोगावी लिफ्ट बसवत हिंडणारा हा माणूस पाच महिने घरी गेला नव्हता आणि बायकोच्या आठवणीने अगदी कासावीस झाला होता. उद्या पुढचं शहर, पुढची इमारत. फोटो मिळणार तो आजच.

पण अंधार पडला की सगळं शहर त्याच पुलावर हवा खायला लोटायचं. कॅमेरा मेहुण्याचा. तो देताना मेहुणा म्हणाला होता, "भावजी, अर्धं मिनिट कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायचा. चालता माणूस त्यात उमटतच नाही. उभा राहील तोच येतो."

मिस्त्रीने कठड्यावर स्वेटरची घडी ठेवली, वर कॅमेरा टेकवला आणि बटण दाबलं. तेवढ्यात समोरून येणाऱ्या एक आजीबाई गचकन थांबल्या. फोटो निघत असताना मध्ये कसं जायचं? त्यांच्या मागची मंडळीही थांबली.

"आजी, चला ना!"

"छे रे, तुझा फोटो बिघडेल. काढ सावकाश."

"अहो, चाललात तरच नीट येईल!"

"डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या," आजी शेजारणीला म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेला गर्दी वाढली. लांबच्यांना वाटलं, ग्रुप फोटो आहे. उंच माणसं आपणहून मागे गेली, बुटकी पुढे आली, एका सायकलवाल्याने केस विंचरले. मिस्त्री रडकुंडीला आला. शेवटी बटण दाबून तो त्यांच्यातच घुसला आणि हात जोडत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला. "पाया पडतो, कुणीतरी हला!"

सगळे श्वास रोखून उभे. मग पुलावरचे दिवे मालवायची वेळ झाली आणि विषयच संपला.

खोलीवर येऊन त्याने तोच फोटो बायकोला पाठवला. लगेच फोन वाजला.

"माफ कर, नाही जमलं," तो म्हणाला.

"अख्खं शहर उभं केलंत. तुम्ही कुठे आहात?"

"मी कसा येईन? मी सारखा पळत होतो."

तिने फोटो मोठा करून पाहिला. "आजीबाईंच्या मागे धुरासारखं काहीतरी आहे. जरा वाकलेलं."

"मीच असेन."

"तुम्हीच. घरातही सध्या असेच दिसता मला." तिचा आवाज ओला झाला. "एका जागी थांबा की हो थोडे दिवस."

पुढच्या शहरातल्या त्या सहा मजली इमारतीत लोकांना आणखी पंधरा दिवस जिने चढावे लागले.