सीलबंद सायकल

मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. पाणीपुरवठ्याच्या मीटर तपासणी विभागात सोळा वर्षं मी रोज हेच सांगत आलोय. समोरचा काकुळतीला येऊन म्हणतो, महिनाभर घराला कुलूप होतं हो, मग एवढं पाणी वापरलं कोणी? मी चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, तुम्हीच. तेव्हा या हिवाळ्यात माझ्या सायकलचं मीटर जे काही सांगू लागलं त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं?

मी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायला निघालो होतो. बेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा! आधी चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, आणि एवढं करूनही माणूस उरलाच तर बेचाळीस किलोमीटर पळायचं. पोहणं मला येतं, पळणं रेटून नेतो. घोडं पेंड खातं ते सायकलवर. त्यातून आमच्या क्लबला यंदा त्या स्पर्धेत एकच जागा मिळाली होती आणि उमेदवार दोन, एक मी आणि एक दातांचा डॉक्टर. हिवाळ्यात सायकलवर जो जास्त सुधारेल त्याला जागा, असं कोचनी जाहीर केलं. मी लगेच ऑफिसात सांगून टाकलं की जागा आपलीच. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना.

डॉक्टर बिचारा हाडं गोठवणाऱ्या थंडीत रस्त्यावर सायकल चालवायचा. मी डोकं चालवलं. मागच्या खोलीत खिडकीशी सायकल ट्रेनरवर चढवली. म्हणजे मागचं चाक यंत्रात अडकवायचं आणि जागच्या जागी पेडल मारायची. समोर एक स्क्रीन असतो, त्यात डोंगरातला रस्ता दिसतो, आणि चढ आला की पेडल खरोखर जड होतात. किती वेळ, किती अंतर, किती जोर, सगळं मोजून ते यंत्र आपलं आपण कोचना पाठवतं. मी सकाळी सहा ते सात चालवायचो, आकड्यांवर नजर ठेवून. रस्त्याकडे बघायला सवड कोणाला होती!

पहिला महिना बेताचाच गेला. दुसऱ्या महिन्यात मात्र कोचचा फोन आला आणि त्यांच्या आवाजात मी आजवर न ऐकलेला गोडवा होता. आठवड्याला सात तासांवरून मी एकदम सत्तावीस तासांवर गेलो होतो म्हणे. मी स्क्रीन उघडून पाहिलं. सत्तावीस! आता तुम्ही म्हणाल, स्वतः किती सायकल चालवली हे माणसाला कळत नाही का? कळतं. पण पाय तर दुखत होते. आणि मीटर समोर होतं. मला वाटलं, मेहनत करताना आपल्याला वेळेचं भान राहत नसेल.

कोचनी माझा सराव दुप्पट केला. मी पाचला उठू लागलो. ऑफिसात जिना उतरताना कठड्याला धरून आडवा उतरायचो. पुढच्या फोनवर कोच म्हणाले, "तुझं एक मला फार आवडतं. चौथ्या तासाला तू पहिल्या तासापेक्षा ताजा असतोस. फक्त दुपारी छातीचा पट्टा लावत जा. तुझ्या हृदयाचे ठोके दिसत नाहीत."

"लावतो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दुपारी? दुपारी तर मी ऑफिसात असतो! मग ज्याचे ठोके दिसत नाहीत असा कोण माझ्या खोलीत चार चार तास सायकल चालवतो? घाबरायला हवं होतं, पण खरं सांगू, मला भयंकर उत्सुकता लागली. सोळा वर्षांत पहिल्यांदाच मी ऑफिसातल्या तक्रार खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो, जिथे लोक म्हणतात, आम्ही घरात नव्हतो हो.

बायकोला विचारलं. ती दिवसभर तिच्या ऑफिसात असते. ती वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली की थंडीत यंत्रं बिघडतात. सासूबाईंना विचारलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. त्या म्हणाल्या की दुपारी त्या पडून असतात, त्यांना काही ठाऊक नाही. मेकॅनिकला बोलावलं. त्याने चाक फिरवून पाहिलं, यंत्राला कान लावला आणि मीटर चोख असल्याचं सांगितलं. वर विचारलं, सीट सारखी खालीवर कशाला करता, स्क्रू झिजलाय. मी सीटला कधी हातही लावला नव्हता.

मग मी खात्याचा उपाय केला. संशयित मीटरला आम्ही सील ठोकतो. मी पेडलपासून सायकलच्या दांड्यापर्यंत काळा दोरा बांधला आणि माझी खास दुहेरी गाठ मारली. संध्याकाळी येऊन पाहतो तो दोरा जागेवर. अंतर एक्केचाळीस किलोमीटर. खाली वाकून गाठ पाहिली. गाठ माझी नव्हती. माझ्यापेक्षा कितीतरी सुबक होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. दोन वाजता चोरपावलांनी घरात शिरलो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत चार बायका होत्या. सायकलवर शेजारच्या निवृत्त नर्सबाई, आपली उशी सीटवर बांधून. स्टुलावर सासूबाई. तळमजल्यावरच्या गणिताच्या बाई मांडीवर वही घेऊन वेळ टिपत बसलेल्या. आणि वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई माझा काळा दोरा बोटाला गुंडाळून नीट जपत होत्या. गाठीचा उलगडा तिथेच झाला.

सासूबाईंनी मला पाहिलं. त्या उठल्याही नाहीत. "जावईबापू, दोन मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या. "वळण येतंय."

सगळा प्रकार मग कळला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सासूबाईंना दहा मिनिटं सायकल सांगितली होती. त्यांनी दहा मिनिटं चालवली, आणि स्क्रीनवर एक वळण आलं. पलीकडे काय असेल म्हणून आणखी दहा मिनिटं चालवली, तर पलीकडे पूल निघाला. पुलाच्या पुढे काय? गुडघा थकला म्हणून त्यांनी नर्सबाईंना हाक मारली. नर्सबाईंनंतर बाकीच्या दोघी. यंत्र रोज पायथ्यापासूनच सुरू होतं, आणि मी यायच्या आत पाचला उतरावं लागतं. त्यामुळे रोज त्या डोंगरावरच्या एका पिवळ्या घरापाशी पोचायच्या आणि तिथेच थांबायच्या. माथ्यावर काय आहे यावर दोन महिने वाद चालला होता. नर्सबाई म्हणायच्या तळं, शिवणवाल्या बाई म्हणायच्या बाजार. गणिताच्या बाईंच्या मते काहीच नसणार. आणि बायकोला? तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

माझी लाज मी झाकणार नाही. मी कोचना फोन करायला हवा होता. केला नाही. जागा जवळजवळ माझ्या खिशात होती! सासूबाईंनी सायकल बंद करायची तयारी दाखवली, तर मीच म्हणालो, कशाला, गुडघ्याला बरं वाटतंय ना. शिवणवाल्या बाई माझ्याकडे बघून फक्त हसल्या.

पण म्हणतात ना, दैव देतं आणि कर्म नेतं. रविवारी दुपारी कोच घरी हजर. एक शेवटची चाचणी, म्हणाले, नुसती औपचारिकता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेतीन तास. तुला काय, तू तर चौथ्या तासाला ताजा असतोस! सोबत डॉक्टरही होता. आणि माथा बघायला मिळणार म्हणून चौघीजणी आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या.

पहिला तास बरा गेला. पुलापाशी सासूबाईंनी बजावलं की पुढे चढ फसवा आहे, जोर राखून ठेवा. मी राखला नाही. दुसऱ्या तासाला डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले. कोच आपल्या कागदाकडे पाहत होते, मग माझ्याकडे, मग परत कागदाकडे. पिवळं घर लांब दिसत होतं, अजून तीन वळणं होती. तिथे माझे पाय थांबले. मी त्यांना हलवत होतो, ते हलत नव्हते.

"काय झालं?" कोचनी विचारलं.

मी हँडलवर डोकं टेकून सगळं सांगून टाकलं. सकाळचा मी, दुपारच्या या चौघी. कोचचा चेहरा हळूहळू लाल झाला. ते काही बोलणार एवढ्यात सासूबाई उठल्या.

"सांगून झालं ना? मग उतरा आता," त्या मला म्हणाल्या. "यंत्र बंद पडलं तर परत पायथ्यापासून!"

मी घसरत खाली आलो. सीट चार बोटं खाली गेली, उशी बांधली गेली, आणि त्या बसल्या. मग नर्सबाई. मग गणिताच्या बाई, त्या पेडल मोजत चढतात. पिवळं घर आलं आणि मागे पडलं. शेवटच्या चढावर शिवणवाल्या बाई होत्या. आम्ही सगळे स्क्रीनसमोर गोळा झालो, डॉक्टरसुद्धा.

माथ्यावर समुद्र होता. एवढ्या उंचावरून खाली सगळीकडे निळा समुद्र, आणि त्याच्याकडे उतरत जाणारा रस्ता. कितीतरी वेळ सगळे नुसते बघत राहिले. मग कोच हळूच म्हणाले, "हा रस्ता मी साठ वेळा चढलोय. मी कधी मान वर केली नाही."

जागा डॉक्टरला मिळाली, ते ठीकच झालं. कोचनी आकडे वेगळे काढून दाखवले. तीन महिन्यांत सकाळचा स्वार तसूभरही सुधारला नव्हता. दुपारचा स्वार म्हणजे नमुना होता. जाताना त्यांनी चौघींना नमस्कार केला आणि मला सांगितलं की वर्षभर यांच्या हाताखाली सराव कर, मग बघू.

तेव्हा हल्ली दर रविवारी दुपारी माझाही नंबर असतो, पाचवा. चढाचे वाटे चौघी आपसात करतात. जावईबापूंना ते झेपत नाही, असं सासूबाईंचं स्पष्ट मत आहे. माथ्यावर पोचलं की त्या मला हाक मारतात, समुद्रापर्यंतचा उतार माझा. तिथे पेडल मारावी लागत नाहीत. ते मात्र मला फार छान जमतं, असं गणिताच्या बाईसुद्धा म्हणाल्या.