अडतीस वर्षांची सुरक्षित जोडी

माणसाला कामावर इजा होते ती एकतर तो तरुण असल्यामुळे, नाहीतर तो तरुण राहिला नसल्यामुळे. तिसरं कारण आमच्या कारखान्याच्या अपघात नोंदवहीत आजवर आढळलेलं नाही. ही नोंदवही गेली बारा वर्षं मीच लिहितो, त्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला मला जागा नाही.

आमच्याकडे बिजागऱ्या होतात. पोलादी पट्टी प्रेसखाली सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो, पट्टीला भोकं पडतात आणि कड वळते. काम इतकं सोपं आहे की ते कोणीही करू शकतं आणि कोणाचंही बोट त्यात सापडू शकतं. या बाबतीत आम्ही भेदभाव करत नाही.

गेल्या तीन वर्षांत आमच्याकडे दोनशे बारा इजा झाल्या. पंचविशीच्या आतल्यांना एकशे एकतीस, पन्नाशीच्या पुढच्यांना छत्तीस आणि उरलेल्या पंचेचाळीस मधल्यांना. तरुणांना लागायचं वरचेवर, पण चार दिवसांत पोरं पुन्हा हजर. वयस्करांना क्वचित लागायचं, पण लागलं की महिना-सव्वा महिना अंथरुणाला खिळायचे. यावरून मी निष्कर्ष काढला की, ‘तरुणांना लागतं लवकर आणि भरतं लवकर; वयस्करांना लागतं उशिरा आणि भरतं त्याहून उशिरा.’ हे वाक्य सुरक्षा अधिकारी साहेबांनी अहवालात स्वतःच्या नावावर घातलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नोंदवहीत ‘कारण’ असा एक रकाना आहे. पंचविशीच्या आतल्यांसाठी तिथे ‘अनुभव नसणे’ असं लिहायचं. पन्नाशीपुढच्यांसाठी ‘अनुभव असणे’. (माणूस सरावतो, मग त्याचं लक्ष उडतं.) मधल्यांच्या बाबतीत, माणूस कुठल्या बाजूला जास्त झुकलेला दिसतो ते बघून. यंत्रांचं चारित्र्य मात्र पहिल्यापासून निष्कलंक आहे. चार नंबरची प्रेस अधूनमधून पेडल न दाबताच दुसरा ठोका देते, हे खरं. पण ते दुरुस्तीच्या वहीत लिहिलेलं आहे. ती वही वेगळी, ती वेगळ्या कपाटात असते आणि त्या कपाटाची किल्ली रजेवर आहे.

अपघात कमी करा असा वरून आदेश आला, तेव्हा सुरक्षा समिती बसली. ती दर महिन्याला बसतेच, पण या वेळी विषय होता. साहेबांनी वयाप्रमाणे अपघातांचा तक्ता मागवला. मी तो तीन रंगांत काढला. तक्त्यावरून बोट फिरवत साहेब एका जागी थांबले.

“अडतीस वर्षं. इथे एकही अपघात नाही. तीन वर्षांत एकही नाही!”

समिती थक्क झाली. मीही झालो. अडतीस वर्षांचा कारखान्यात एकच माणूस होता, तो मी, आणि माझं काम टेबलावर चालतं. पण हे मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलणं बैठकीच्या नियमात बसत नाही.

अडतीस हे वय सुरक्षित असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. अडचण एकच होती. एवढी अडतीस वर्षांची माणसं आणायची कुठून? यावर हिशेब विभागाच्या प्रतिनिधीने तोडगा काढला. प्रत्येक माणूस अडतीसचा असायलाच हवा असं नाही; सरासरी अडतीस असली की पुरे. एका यंत्रावर एक तरुण आणि एक वयस्कर अशी जोडी लावायची. तरुणाच्या अननुभवात वयस्कराचा अनुभव मिसळला की दोन्ही दोष आपोआप फिटतात. टाळ्या पडल्या. चहा आला.

पहिली जोडी मीच लावली. चार नंबरवर एकतीस वर्षं काम केलेले मामा होते, वय सत्तावन्न. ते कोणाचेच मामा नव्हते, पण सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. त्यांच्या जोडीला एकोणीस वर्षांची एक मुलगी दिली. ती अठरा दिवसांपूर्वी कामाला लागलेली, म्हणून तिला सगळे नवी म्हणत. सत्तावन्न आणि एकोणीस शहात्तर, भागिले दोन. इतकी चोख जोडी लग्नाच्या बाजारातही सापडत नाही.

नवीचं प्रशिक्षण रीतसर झालेलं होतं. नव्या माणसाला आमच्याकडे अकरा मिनिटं प्रशिक्षण मिळतं. त्यातली चार मिनिटं चित्रफीत असते. (आवाज येत नाही, पण चित्र स्वच्छ आहे.) ‘मला सर्व समजले आहे’ या कागदावर सही आधीच घेतली जाते, कारण नंतर पाळी सुरू होते. शेवटी दिवे लावता लावता साहेब विचारतात, “काही शंका?” आजवर कोणाला शंका आलेली नव्हती. नवीने हात वर केला.

“त्या फिल्ममधल्या मशीनला पुढे जाळी आहे. आमच्या मशीनला का नाहीये?”

साहेब म्हणाले, “फिल्ममध्ये आहे ना? मग झालं तर.”

आता जाळीविषयी गैरसमज नको म्हणून सांगतो. चार नंबरची संरक्षक जाळी कारखान्यातच आहे. ती लावली की पाळीला आठशे नग निघतात, काढली की अकराशे. म्हणून ती काढून भांडारात ठेवली आहे, मूळ वेष्टनात, आणि वर ‘काळजीपूर्वक हाताळावे’ अशी चिठ्ठी लावली आहे. सात वर्षांत तिला साधा ओरखडाही पडलेला नाही. सुरक्षिततेचं याहून चांगलं उदाहरण मला दुसरं देता येणार नाही.

मामा आणि नवी यांचं जमलं. पहिल्या दिवशी मामांनी तिला पट्टी कशी धरायची ते दाखवलं.

“बोटं अशी मागे ठेवायची. आणि अडकली तर हाताने ओढायची नाही, चिमटा घ्यायचा.”

“चिमटा कुठंय?”

“मोडलाय. मागितलाय मी.”

“कधी?”

मामांनी आठवून पाहिलं. “तू शाळेत असशील तेव्हा.”

नवी हसली. मग तिने मामांच्या डाव्या करंगळीकडे पाहिलं. तिचं वरचं पेर नव्हतं.

“हे कधी झालं?”

“झालं कधीतरी. सांगितलं नाही कोणाला. वहीत नाव गेलं की लोक म्हणतात, म्हातारा झाला, आता याला घरी बसवा.”

(ही इजा नोंदवहीत नसल्यामुळे ती झाली होती असं मला म्हणता येणार नाही.)

बावीस दिवस जोडीने काम केलं. चार नंबरला खरचटलंसुद्धा नाही कोणाला. साहेबांनी तक्त्याची मोठी प्रत काढून दाराशी लावायला सांगितली. मी ती लावत होतो, तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला. जेवणाच्या सुट्टीला पंधरा मिनिटं कमी होती.

झालं ते असं. पट्टी अडकली. पाळीचे नग मागे पडले होते आणि मुकादम दोनदा येऊन ओरडून गेला होता. नवीने पेडलवरचा पाय काढला, मागे सरकवला आणि पट्टी ओढायला हात आत घातला. पेडलला कोणीही हात लावला नाही, पाय लावला नाही. प्रेसने आपणहून ठोका द्यायला घेतला. मामांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पण त्या यंत्राचा श्वास एकतीस वर्षं ऐकलेला माणूस तो. त्यांनी नवीचा हात झटक्याने बाजूला उडवला. त्यांचा स्वतःचा तेवढा लवकर निघाला नाही.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं.

नवीने ओढणी फाडून हात बांधला आणि मामांना धरून दवाखान्याच्या गाडीत ती स्वतः चढली. गाडीत तिने सगळा वेळ त्यांचा हात वर धरून ठेवला होता असं चालक म्हणाला. असं करायचं असतं हे प्रशिक्षणात नव्हतं. ते तिला कुठून माहीत, याची चौकशी अजून बाकी आहे.

समिती तातडीने बसली. पहिला प्रश्न असा उभा राहिला की हा अपघात नोंदवायचा कोणत्या वयाखाली? जोडीचं वय अडतीस, आणि अडतीसला अपघात होत नाही असा ठराव झालेला. हिशेब विभागाचं म्हणणं पडलं की जोडीमागे दोन बोटं, म्हणजे माणशी एक, आणि माणशी एक हे प्रमाण तितकंसं वाईट नाही. मात्र नवीची दहाच्या दहा बोटं शाबूत असल्यामुळे कागदावर तिच्याकडे एक बोट जास्त निघत होतं. ते कुठे दाखवायचं यावर अर्धा तास गेला.

शेवटी दोन्ही कारणं नोंदवायची असं ठरलं. नवीने हात घातला, हा अननुभव. मामांनी दुसऱ्याच्या कामात विनापरवाना हात घातला, हा अनुभवाचा अतिरेक. दोघांच्या सह्या आणायला मला दवाखान्यात पाठवलं.

नवी बाकावर बसली होती, बाहीवर रक्त वाळलेलं. मी कागद पुढे केला. तिने तो पूर्ण वाचला. (कागद पूर्ण वाचणारा कामगार मी प्रथमच पाहत होतो.)

“‘माझ्या निष्काळजीपणामुळे’? मी नाही सही करणार.”

“तुझं नुकसान नाही यात. वय लहान आहे म्हणून समज देऊन सोडतील.”

“लिहा ना, जाळी नव्हती म्हणून. कारणात लिहा.”

“कारणं ठरलेली असतात.”

“मग तिसरं ठरवा!”

एवढ्या मोठ्याने ती बोलली की परिचारिकेने डोकावून पाहिलं. मी आत गेलो. मामा पडून होते. मामी उशाशी बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे न बघता खुर्ची सरकवली. मी सुरक्षा विभागातून आलोय म्हटल्यावर मामा किंचित हसल्यासारखे झाले.

“पोरीचा हात?”

“शाबूत आहे, मामा.”

“मग काय लिहायचं ते लिही बाबा. सही मात्र आता डाव्या हाताने येईल तशी घे.”

त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. बराच वेळ लागला. मी त्या सहीकडे बघत राहिलो आणि मग काय वाटलं कोण जाणे, आभार मानायचे विसरून बाहेर आलो. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी चार नंबरपाशी जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली. जाळी लागेपर्यंत पेडल दाबणार नाही म्हणाली. तीन नंबरची दोघं तिच्याशेजारी येऊन उभी राहिली, मग पाच नंबरची. मुकादमाने आवाज चढवला, मग उतरवला. साडेदहाला कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी वरच्या केबिनच्या काचेतून खाली बघून फिटरला खूण केली. जाळीला चार बोल्ट होते. फिटरला सहा मिनिटं लागली.

जाळी नऊ दिवस टिकली. नऊ दिवस आठशे नग निघाले आणि कोणालाही काही झालं नाही, त्यामुळे जाळीचा उपयोग काय हे सिद्ध करता आलं नाही. दहाव्या दिवशी ती वेष्टनात परत गेली. नवीला तिच्या सुरक्षिततेसाठी खोकी भरण्याच्या विभागात हलवलं. तिथून ती महिन्याभरात सोडून गेली. मामांना प्रशिक्षणात घेतलं. नव्या मुलांसमोर ते उभे राहतात आणि उजवा हात वर करतात. बोलावं लागत नाही. चार नंबरवर आता एक एकवीस वर्षांचा आणि एक पंचावन्न वर्षांचा आहे.

ही हकिगत मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. काही म्हणतात, चूक त्या मुलीची, हात घालायलाच नको होता. काही म्हणतात, म्हाताऱ्याने तिला आधीच सावरायला हवं होतं. चर्चा रंगते, आवाज चढतात, चहा गार होतो. वाचता वाचता आपलंही एव्हाना काहीतरी ठरलं असेल. ते कळवावं. समितीत एक जागा रिकामी आहे, काम बसून करायचं आहे आणि आपण त्यासाठी पूर्ण पात्र आहात.