खासनीसांची पंगत

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत कुणीही ‘मशीन स्लो चाललंय’ म्हणून रडत गेलं, की खासनीससर मान वर न करता म्हणत, “सावकाश होऊ द्या.” लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून म्हणतो ना, अगदी त्याच सुरात.

सर्व्हर त्यांच्या ताब्यात. त्या एका धुडाच्या पोटात आम्हा सगळ्यांची आभासी मशीनं नांदायची, आणि डिस्क सगळ्यांत मिळून एकच. एखादं मशीन हावरटासारखं वाचत-लिहीत सुटलं की बाकीची ताटकळत. म्हणून सरांनी प्रत्येकाला लिमिट लावलेलं: एका सेकंदात इतकंच वाचायचं, इतकंच लिहायचं. “एकानंच श्रीखंडाचं पातेलं मांडीवर घेतलं, तर शेवटच्या पानावर काय वाढू? लिंबाची फोड?”

माझ्या लिमिटची कथा काय सांगावी! एकदा फाइल उघडायला दिली आणि हडपसरला सासुरवाडीस जाऊन, पाहुणचार झोडून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून परत आलो. पडद्यावरचं चाक गरगरतच होतं. शेजारच्या पाटीलनं तर त्या चाकाला हार घातलेला.

गंमत म्हणजे हा सावकाशीचा महंत स्वतः जेवायचा मात्र गाडी सुटत असल्यासारखा. आम्ही डब्याची झाकणं काढेपर्यंत सर हात धुऊन मोकळे. कसब्यातल्या दोन खोल्यांत एकटेच राहत. ओट्याशी उभ्या उभ्या जेवायची सवय, म्हणत.

एके दिवशी सकाळीच सासूबाईंचा फोन आला: हिला कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय. इकडे क्लायंटचा डेटा नव्या मशीनवर चढत होता, आणि तो पुरा झाल्याशिवाय मला हलता येईना. चढत होता मुंगीच्या पायांनी. पोरगं दहावीला बसेल तेव्हा कुठे मी दवाखान्यात पोचेन, असा हिशेब दिसत होता. सरांपुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

“हे सांगायला इतका वेळ? तोंडाला लिमिट मी लावलं नव्हतं.”

जागेवर परत येतो तो मशीन उधळलेलं! चहा निवायच्या आत काम फत्ते. मुलीचं पहिलं रडणं मी दाराबाहेरून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पाटील म्हणाला, “तुझ्यासाठी म्हाताऱ्यानं स्वतःच्याच मशीनचा वाटा काढला. दुपारभर हाताची घडी घालून बसला होता.”

बारशाला सर आले आणि न सांगताच बासुंदीची बादली उचलली. हात असा मोजका, की पहिल्या पानाला आणि शेवटच्या पानाला थेंबाचा फरक नाही. माझ्या मेव्हण्यानं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, तर “ओळ पुरी होऊ द्या” म्हणून पुढे सरकले.

सगळ्यांचं झाल्यावर ते एकटेच शेवटच्या पानावर बसले. सवयीनं भराभरा घास सुरू. आई भाताचं भांडं घेऊन आली, समोर पाटावर टेकली आणि म्हणाली, “सावकाश होऊ द्या.”

सरांचा हात ताटातच थांबला. हळूच विचारलं, “आपल्याला आवरायचं असेल ना?”

“काही घाई नाही हो.”

मग खासनीससरांनी ताकभात असा काही रेंगाळत खाल्ला, की त्यांच्यापुढे माझं मशीन घोडा ठरावं. आई मात्र त्यांचा हात वाळेपर्यंत समोर बसून होती.